घराचं नाक

जगात जे जे तापतं ते वर जातं, या एका सत्यावर माझ्या बायकोच्या मामांनी आपलं सगळं आयुष्य उभं केलं. ते स्वतः तीस वर्षं सोयगावजवळच्या एका वीटभट्टीवर तापत राहिले, मुकादम म्हणून लागले आणि मुकादम म्हणूनच घरी आले, एवढा अपवाद सोडला तर या सत्याला कुठं तडा गेलेला नाही.

मामांकडे पुरुषभर उंचीची एक काठी होती. तिच्या दोन्ही टोकांना एकेक तापमापक बांधलेला. आमच्या औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या घरी आले की चहाआधी ते खोलीच्या मधोमध काठी उभी धरत. मग निकाल यायचा. "वर अडतीस, खाली तेहतीस. जावईबापू, ह्या घराला नाक नाय. गरम हवा हलकी, ती वर जाऊन बसती. तिला वाट दिली तरच खालून गार हवा येईल ना?" खुलताबादच्या एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना ते खुर्चीवर चढून मंडपाचं वरचं कापड सोडू लागले. फेट्याखाली नवरदेवाचं काय होतंय ते फक्त आपल्यालाच दिसलं, असं त्यांचं म्हणणं. "तापलेलं वर जातं, तर तापानं फणफणलेला माणूस आडवा का होतो?" असं मी एकदा विचारलं. त्या खेपेला मामांनी काठी उभी न धरताच चहा घेतला. तो मला माझा विजय वाटला होता.

पुढं आम्ही स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीला ऑफिसातले मोठे साहेब येणार होते. छताला शोभा यावी म्हणून भिंतींतले वरचे झरोके मी पीओपीखाली बुजवून घेतले होते. मामा काठी घेऊन आले. ती मी त्यांच्या हातून काढून कपाटामागं सारली आणि साहेबांच्या कानात म्हणालो, "बायकोचे मामा. जरा सर्किट आहेत." कानातच म्हणालो, पण मामांना ऐकू जाईल इतपत.

होमासाठी पंखे बंद केले आणि दहा मिनिटांत भटजी धुरात दिसेनासे झाले. साहेब डोळे पुसत दाराकडं पाहू लागले. मामा उठले, मागचं दार उघडलं, जिना चढून गच्चीचंही दार सताड उघडलं. धूर शहाण्या वऱ्हाडासारखा जिन्यानं वर निघाला. खालून झुळूक आली.

"वा! हवा छान खेळती ठेवलीय," साहेब म्हणाले. "कल्पना कोणाची?"

"माझीच," मी म्हणालो.

मामा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते. मी तिकडं पाहिलं नाही.

"व्हय साहेब," मामा म्हणाले, "आमच्या जावईबापूंनी लई डोकं लावलंय."

जेवण करून ते दुपारच्या बसनं गेले. काठी मागितली नाही. त्यानंतर बायको फोनवर बोलावते तेव्हा "ऊन जरा उतरू दे" म्हणतात. असे तीन उन्हाळे उतरले. परवा घरात कोणी नसताना मी ती काठी काढली आणि हॉलच्या मधोमध उभी धरली.

वर चाळीस, खाली चौतीस. झरोके अजून बुजलेलेच आहेत.