हिरीच्या दुधावरचा आळ

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. आमचे हे वारले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही नुसतं ऐका — मध्ये बोलू नका, नाहीतर माझा धीर सुटेल.

पोशीरला आमच्या घरी महादू जन्मला तेव्हा मी तापाने फणफणले होते. अंगावर दूध नव्हतं. सासूबाईंनी डोंगराकडच्या ठाकरवाडीतून हिरीला बोलावलं. तिचा गोमा तेव्हा दोन महिन्यांचा. वर्षभर तिने दोघांना पाजलं. महादू जगला तो तिच्यामुळे — हे आधीच सांगते, पुढे सांगताना जीभ अडखळेल.

माझा राग तुम्ही पाहिलेला नाही. माहेरी वडील चिडले की हाताला येईल ते फेकायचे. मी तशीच. रक्तातून आला, की बघून बघून शिकले — कोण जाणे? सासरी मात्र झाकून ठेवला. घरात कुणी नसलं की भांडी आपटायची, पळी भिंतीवर फेकायची. महादू चुलीपाशी बसून बघायचा. पोराला काय कळतंय, असं मला वाटायचं.

तो दहा वर्षांचा असताना त्याने चुलतभावाला विळा फेकून मारला. कपाळ फुटलं, डोळा थोडक्यात वाचला. अंगणात सगळे जमले. "आमच्या घरान्यात असला राग कुनाचा नाय. ह्यानं आनला कुठनं?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी बोलून गेले — नाही, ठरवून बोलले — "दुधाचा गुन असंल, आत्याबाई. हिरीच्या."

सगळ्यांना लगेच पटलं. गोमा त्याच दुधावर वाढला, त्याने कधी आवाज चढवला नाही — हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. सणासुदीला महादूसाठी रानातला मध आणणाऱ्या हिरीला अंगण बंद झालं. ती कुंपणाबाहेरून त्याला बघून जायची. महादू हेच ऐकत मोठा झाला.

गेल्या साली त्याला मुलगा झाला. सुनेला दूध येईना, बकरीचं बाळाला पचेना. कुठून कळलं कोण जाणे, हिरी आपल्या लेकुरवाळ्या सुनेला घेऊन आली. कुंपणाशीच थांबली. "बाय, माझी सून पाजंल. पोर उपाशी नको ठेवू गं."

महादूने जळणातलं लाकूड उचलून तिच्या अंगावर फेकलं. तिच्या दुधाने आपलं वाटोळं केलं म्हणून ओरडला. आवाज हुबेहूब माझ्या वडिलांचा.

एवढंच बोलायचं होतं — राग माझा आहे, तिचा नाही. मी दारात उभी होते. पदर तोंडात कोंबला होता. हिरी सुनेचा हात धरून बांधावरून परत गेली.

बाळ चौथ्या दिवशी गेलं. नावसुद्धा ठेवलं नव्हतं. महादू म्हणतो, नशीब आपलं.

मी हो म्हणते.