नारळावर कोलकाता, नारळावर पुणे

उपासाला स्वयंपाक कमी, म्हणून गप्पा जास्त. माझ्या लेकीचे किस्से साबुदाण्यासारखे भिजत पडलेत, आता फुगून भांड्याबाहेर यायला लागलेत!

केतकी इथं कोलकात्यात फिजिक्स शिकवते आणि सहकारी शुभ्र आणि कॉलेजची दुर्बीण घेऊन रस्तोरस्ती प्रयोग दाखवते. तिचे सर मात्र म्हणाले, "लोक टाळ्या वाजवतात. समजतं कुणाला? एकाला तरी समजलेलं दाखव, नाहीतर दुर्बीण परत कपाटात!"

पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी सोळा सोमवार धरले.

"आई, दुर्बिणीसाठी सोळा सोमवार?"

"मग तुझ्या लग्नासाठी धरू?"

"नको नको, दुर्बिणीसाठीच धर!"

---

सियालदह स्टेशनवर फिरत्या स्टुलावर बसून हात पसरायचे, मग जवळ घ्यायचे, की गरगर वेग वाढतो. हातात धरायची वजनंच घरी राहिली! शेजारच्या मासेवाल्या मावशींनी दोन कातला पुढे केले. शुभ्र मासे घेऊन असा फिरला, की ट्रेन सोडून माणसं थांबली.

मावशी म्हणाल्या, "रोज ये रे बाबा. एवढं गिऱ्हाईक कधी बघितलं नव्हतं!"

माझा नेमका सोमवार. लेकीला दारातूनच आंघोळीला धाडलं.

---

बराकपूरला टांगलेला लोखंडी गोळा नाकाजवळून सोडायचा आणि जागचं हलायचं नाही. नुसता सोडला, तर गोळा परत येतो, पण नाकाला लागत नाही. एका निवृत्त सुभेदारांची पापणीसुद्धा लवली नाही.

शुभ्र माझ्याकडे बघून म्हणाला, "आता काकीमा?"

केतकी म्हणाली, "आईला नको. ती नुसता सोडणार नाही, ढकलेल!"

---

हावड्याच्या एका कारखान्यात केतकीनं घर्षणावर अर्धा तास सांगितलं. म्हातारे मिस्त्री शांतपणे ऐकत होते. शेवटी उठले, म्हणाले, "दीदी, तुमच्या दुर्बिणीचा पाय कुरकुरतोय." आणि ग्रीस लावून दिलं!

---

मग आली संकष्टी. आमच्या गच्चीवर मराठी बायका जमल्या. केतकीनं सरांनाही बोलावलेलं. ते पुण्यात शिकलेले, मराठी कळतं त्यांना.

चंद्र समोरच्या इमारतीवर हसत उभा, आणि कुणी त्याच्याकडे बघेना! कारण भिंतीवरची दिनदर्शिका पुण्याची, चंद्रोदयाला अजून तासभर अवकाश. सगळ्यांत कडक मालूताई. तीस वर्षं इथं राहून पुण्याच्या वेळेनं उपास सोडतात. चंद्राकडे पाठ करून म्हणाल्या, "तो उगवायचाय अजून!"

केतकीनं माझ्या पूजेतला नारळ उचलला. कुंकवाची दोन बोटं लावली, पूर्वेला कोलकाता, पश्चिमेला पुणे. "नारळ म्हणजे पृथ्वी, निरांजन म्हणजे चंद्र," म्हणत निरांजनासमोर नारळ हळूच फिरवला. आधी कोलकात्याचा ठिपका उजळला, मग पुण्याचा.

मालूताई पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "परत फिरव."

परत फिरवला.

"अजून एकदा."

मी मनात गणपतीला हात जोडले. सर कठड्याला टेकून बघत होते.

मालूताई उठल्या. दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही. अर्घ्य दिलं, मोदक तोंडात टाकला आणि पुण्याला बहिणीला फोन लावला,

"सुमे, आमचं दर्शन झालं गं. तू पाट मांडून ठेव, तासाभरात तुझ्याकडे पाठवते!"