विहिरीशेजारच्या आनसाकाकू

आनसाकाकूंच्या दारावरून पाणी न पिता पुढं जायची कुणाची टाप नव्हती. पोस्टमन असो की बांगड्या विकणारी, काकू हाक मारून थांबवायच्या, तांब्या हातात द्यायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला, तर म्हणाल्या, "बाई, एवढं कडू लागलं व्हय आमचं पाणी?"

नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत खानापूर भागातल्या एका धरणग्रस्त वसाहतीच्या शाळेत मला पहिली नेमणूक मिळाली होती. मी सांगलीची. काकूंच्या सोप्याला लागून असलेल्या खोलीत राहू लागले. काकूंचं सासर मूळचं पाटणच्या वरच्या अंगाचं, कोयनेकाठचं. धरणात गाव बुडालं आणि नवी नवरी असलेल्या काकू घरच्यांबरोबर या उघड्या माळावर आल्या. तिकडं चिखलातून पाय निघत नसे, इकडं आभाळाकडं बघून मान दुखायची. "हितला पाऊस पावण्यावानी," त्या म्हणायच्या. "कवा यील, किती ऱ्हाईल, काय नेम न्हाई. आन् आता तर लयच लहरी झालाय."

साऱ्या वसाहतीचं पिणं एका विहिरीवर होतं, आणि त्या विहिरीला लागून काकूंचं रान होतं. नवरा गेल्यावर काकूंनी ज्वारी-मटकीवर एकुलत्या एका पोराला, संपतला, वाढवलं. संपत कष्टाळू होता. आजूबाजूला द्राक्षबागा उभ्या राहत होत्या, त्यानंही बाग लावायचं मनावर घेतलं. जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या आला, तळहातावर नारळ धरून रानभर फिरला. नारळ उभा राहिला तो नेमका विहिरीच्या अंगालाच.

"हितं बोअर पाडलीस तर हीर आटंल," काकू म्हणाल्या.

"आपल्याच रानात पाडतोय, आये. कुणाच्या बाचं काय जातंय?"

"रान आपलं रं. खालचं पाणी कुठं आपल्या एकट्याचं हाय?"

संपतनं ऐकलं नाही. एका सकाळी बोअरची गाडी आली, तर त्या जागेवर काकू तीन दगड मांडून भाकरी थापत बसलेल्या. शेजारी पिठल्याचं पातेलं. गाडीवरची पोरं पार दक्षिणेतली, त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. काकूंनी त्यांना हातानं खुणावून बसवलं आणि पोटभर जेवू घातलं. संपत ओरडत होता. काकू म्हणाल्या, "जेवत्या माणसापुढं वरडू नगंस." मग वसाहतीतल्या बायका एकेक करून येऊन काकूंच्या मागं बसल्या. पोरांनी हात धुतले, काकूंना नमस्कार केला आणि गाडी माघारी वळवली.

संपत म्हणाला, "तुला पोरापरीस लोकं प्यारी."

काकूंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चिरकला. "आमचं गाव पाण्यात बुडालं, ते म्या बघितलं. आता हे दुसरं गाव पाण्याबिगर उठलं तर कुठं जायचं रं? तिसरं गाव कोन देनार हाय आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी संपत पिशवी घेऊन गेला. कुपवाडच्या एका वर्कशॉपात लेथवर लागल्याचं कळलं. काकूंनी कुणापुढं डोळ्यांतून पाणी काढलं नाही, पण भाकऱ्या दोघांच्याच करायच्या. उरलेली मला वाढायच्या. "खा बाई, तुमी तरी हायसा."

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या विहिरी तळाला गेल्या, टँकरचा भरवसा नव्हता. आमच्या विहिरीचं पाणी खोल गेलं, पण आटलं नाही. मग शेजारच्या गावच्या बायकाही घागरी घेऊन आल्या. याच गावानं वसाहतीतल्यांना वर्षानुवर्षं 'बुडीतवाले' म्हणून हिणवलं होतं. आमच्या बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या. काकू म्हणाल्या, "सरा, त्यांची लेकरंबी तहानल्यात." आणि त्यांच्या घागरींसाठी जागा केली.

त्याच दिवसांत संपत यात्रेला म्हणून आला. घरी न येता आधी विहिरीवर गेला. एक म्हातारी रहाट ओढताना धापा टाकत होती. त्यानं तिच्या हातातून दोर घेतला आणि दुपारपर्यंत ओढत राहिला. संध्याकाळी काकू त्याच्या सोललेल्या तळव्यांना तेल लावत होत्या. बोअरचा विषय दोघांनीही काढला नाही. तो परत कुपवाडला गेला नाही.

माझी सांगलीला बदली झाली तेव्हा काकू एसटीपर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "नदीकाठी चाललाय बाई. जिथं रग्गड असतं तिथं दुसऱ्याची तहान दिसत न्हाई. तेवढी बघत जावा."

काही वर्षांनी काकू गेल्याचं सांगायला संपत स्वतः घरी आला. मी दिलेला पाण्याचा तांब्या त्यानं रिकामा केला. मग म्हणाला, "लोकं म्हनत्यात, आता कोन आडवं येनार हाय? पाड बोअर."

"मग?"

तो उपरण्यानं डोळे पुसत हसला. "आईला इचारल्याबिगर कशी पाडू, बाई?"