दाराआडची भटकी

तिच्या पायाला भिंगरी होती, म्हणून दादा लहानपणी तिला भटकी म्हणायचा. पुढे सगळेच म्हणायला लागले. नोकरी तिनं कधी धरली नाही. अनोळखी गावात उतरायचं, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभं राहायचं, घरची बाई काय रांधते ते बघायचं, खायचं आणि मासिकासाठी त्यावर लिहायचं, हाच तिचा धंदा. घरोघरी मातीच्या चुली, हे बाकीचे नुसतं म्हणतात. हिनं ते जेवून तपासलं होतं.

मग आई अंथरुणाला खिळली. निम्मं कळायचं, निम्मं नाही. दवाखान्यात नर्सच्या हातून घास घेईना, तेव्हा भटकीनं चमचा हातात घेतला आणि वाटी रिकामी करून दाखवली. "माझ्याच हातचं जातं हो तिला," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताना काय तो तोरा! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तेव्हापासून आईला खरंच तिच्याच हातचं जायला लागलं, आणि भटकी वर्षानुवर्षं कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेली नाही.

लिहिणं तेवढं चालू ठेवलं. जुन्या ओळखीच्या बायकांना फोन करायचा, आज काय शिजतंय विचारायचं, तेच आपल्या गॅसवर करून बघायचं आणि जाऊन आल्यासारखं लिहायचं. पण संपादकबाई मुरलेल्या. "अहो, तुमच्या लेखात जेवण असतं, पण गाव कुठे असतं हल्ली?" त्या म्हणाल्या. "आठवडाभर बाहेर पडा. नाहीतर सदर मी दुसऱ्या कोणाला तरी देते."

भटकीला रडू फुटायचंच बाकी होतं. रस्त्यावरून कोणाची चाकांची बॅग खडखडत गेली तरी ती खिडकीशी धावायची, इतकं तिला जायचं होतं.

दादाची बायको आठवडा निभवायला तयार झाली. वहिनी मनानं चांगली, पण एक शब्द लागला की महिनाभर धुमसणारी. "आधी एकदा भरवून बघते," ती म्हणाली. "खाल्लं त्यांनी, तर तुम्ही खुशाल जा."

भटकीनं स्वतः भाज्यांचं सूप केलं, आपला एप्रन वहिनीला बांधला आणि दाराआड जाऊन बसली. आईनं पहिला चमचा घेतला. दुसराही घेतला. फटीतून बघता बघता भटकी मनानं गाडीत खिडकीजवळची जागा पकडून बसलीसुद्धा! उतरल्यावर आधी कोणाचं दार वाजवायचं तेही तिनं ठरवलं. वाटी संपली. वहिनीनं खुशीत पातेल्यातलं आणखी वाढलं आणि वाफाळता चमचा तसाच आईच्या तोंडाशी नेला.

"अहो वहिनी, फुंका की आधी!"

जिभेला हाड नसतं, ते असं. आईनं तोंड फिरवून दाराकडे बघितलं आणि कित्येक दिवसांत बोलली नव्हती इतकं स्वच्छ बोलली, "आलीस होय गं? ही बाई मला उपाशी ठेवते बघ."

वहिनीनं वाटी खाली ठेवली. एप्रनची गाठ सोडली. "ताई, मला नाही जमायचं. उद्या काही कमीजास्त झालं तर? आत्ताच हे ऐकतेय मी."

"अहो, तिला कळतंय का काही? वहिनी, पाया पडते तुमच्या."

"कळत नाही म्हणूनच भीती वाटते," वहिनी म्हणाली आणि चपला घालून गेली.

भटकीला आईचा असा संताप आला की वाटी भिंतीवर आपटावी. तिनं ती उचलली, चमचा भरला, फुंकला. आईनं लगेच आ केला.

"किती दिवस नव्हतीस," घास गिळून आई म्हणाली. "कुठे हिंडत होतीस एवढी?"

एवढी वर्षं त्याच पलंगाशी बसलेल्या भटकीनं पुढचा चमचा भरून फुंकला.

"लांब गेले होते," ती म्हणाली.

"पुरे झालं आता," आई म्हणाली आणि पुढच्या घासासाठी तिनं आ केला.