मे महिन्यातलं माझं लग्न

“लग्नाचे फोटो आणायला सांगितले होते. हे शोकसभेचे काय आणलेत?”

असं म्हणून व्हिसा कन्सल्टंट साहेबांनी आमचा अल्बम पेनच्या टोकानं माझ्याकडे सरकवला. बोट लावलं नाही. कॉलेज रोडला त्यांचं काचेचं ऑफिस होतं. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची चित्रं. माझ्या शेजारी आबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. माझे वडील. नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये त्यांची पंचवीस वर्षं नोकरी झाली होती. कुणापुढं मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

आणि मी काय केलं? मी हसले. साहेबांनी विनोद केला म्हणून हसले. ते हसणं मला अजून छळतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझा नवरा आमच्याच समाजातला, आधी ओझरला विमानाच्या कारखान्यात होता, मग कॅनडात गेला. तिथं कायम राहायची परवानगी मिळाली तेव्हा मे महिन्यात सुट्टी काढून आला आणि आमचं लग्न झालं. नाशिक रोडला, आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात. टेबलावर बुद्धमूर्ती, दोघांच्या अंगावर पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, मंगलगाथा, फुलांच्या पाकळ्या. आमच्यात लग्न असंच लागतं. महानगरपालिकेत त्याची नोंदही झाली. जूनमध्ये तो परत गेला. आता त्यानं तिथून मला स्पॉन्सर करायचं, म्हणजे बायको म्हणून बोलावून घ्यायचं. त्यासाठी लग्न खरं असल्याचे पुरावे हवेत. म्हणून तो अल्बम.

“होम कुठंय यात? सप्तपदी? मंगळसूत्र घालतानाचा फोटो?” साहेबांनी विचारलं.

“आमच्यात नसतं ते,” आबा म्हणाले.

“तुमच्यात नसेल हो. पण तिकडच्या गोऱ्या अधिकाऱ्याला काय माहीत तुमच्यातलं? त्याला लग्न दिसलं पाहिजे.”

आमचं लग्न त्याला दिसणार नव्हतं. म्हणून ते परत लावायचं. डिसेंबरमध्ये नवरा येईल तेव्हा, पंचवटीत, साहेबांच्या ओळखीचे गुरुजी, साहेबांचाच फोटोग्राफर. फोटोंच्या मागं तारीख मात्र मे महिन्याची टाकायची, सर्टिफिकेटवरची. नवऱ्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, “ते म्हणतात तसं कर. आपल्याला व्हिसाशी मतलब.”

आईनं ऐकलं आणि चुलीवरचं भांडं उतरवावं तसा विषयच उतरवून ठेवला. “मी येणार नाही. माझ्या पोरीचं लग्न एकदा लागलंय.”

आबा आले. माझ्यासाठी आले. मला तिकडे जायचं होतं, खरंच जायचं होतं. तेविसावं वर्ष होतं माझं. नवऱ्याबरोबर लग्नानंतर सतरा दिवस राहिले होते. आठवड्यातून एक फोन, तोही शेजारच्या बूथवर, बाहेर चार माणसं उभी. मला माझा संसार हवा होता. एवढंच हवं होतं.

डिसेंबरात नाशिकला हाडं गोठतात. सकाळी पंचवटीतल्या त्या गल्लीतल्या हॉलमध्ये मी भाड्याचा लाल शालू नेसून बसले होते, शेजारी सुट्टीवर आलेला नवरा. आबांनी शर्टावर स्वेटर घातला होता आणि मफलर गुंडाळला होता. आईच्या जागी फोटोग्राफरची बायको बसली. साहेबांनीच बसवली. “आई नसली तर बरं दिसत नाही.”

गुरुजींनी विचारलं, “गोत्र?”

आमच्यात गोत्र नसतं. मागून साहेबांचा आवाज आला. “कश्यप सांगा. माहीत नसेल तर कश्यपच सांगतात.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आबा त्यांच्या खांद्यावर होते. लहानपणी ही गोष्ट त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितली असेल. त्यांना माझ्याकडून एक शब्द हवा होता. नको आबा, चला घरी. एवढं मी म्हणाले असते तर आबा उठले असते. मी शालूचा पदर नीट करत बसले.

“कश्यप,” आबा म्हणाले.

मग त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं गेलं, माझा हात त्यांच्या हातात दिला गेला, फ्लॅश उडाला. फोटोग्राफर म्हणाला, “काका, जरा हसा की.” आबांनी मफलर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. मी म्हटलं थंडीनं.

दर रविवारी विहारात वंदना आबा घ्यायचे. कॉलनीतली सगळी पोरं त्यांच्या मागून म्हणायची. त्या डिसेंबरनंतर आबा विहारात गेले नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचे, गुडघा दुखतो. रोज नोकरीला सायकलवरून जायचे, तेव्हा दुखायचा नाही. मला कळत होतं, आईला कळत होतं. घरात कुणी बोललं नाही. बोलले असते तर मला माझं तोंड कुठं लपवावं कळलं नसतं.

पुढच्या वर्षी दिल्लीच्या वकिलातीत मुलाखत झाली. काचेपलीकडे अधिकारी बाई आणि बाजूला दुभाषी. बाई मऊ बोलत होत्या. त्यांनी पंचवटीचा फोटो उचलला, मागची तारीख वाचली, परत फोटो बघितला. दुभाष्यानं हिंदीत विचारलं, “मई में आपके यहाँ ठंड होती है?”

मी फोटोकडे बघितलं. फोटोत सगळे स्वेटरमध्ये. गुरुजींच्या अंगावरसुद्धा शाल. इतक्या हुशार साहेबांच्या आणि इतक्या शिकलेल्या माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. नाशिकच्या मे महिन्यात मफलर!

“और ये कौन हैं? पिताजी के बगल में?”

“माँ,” मी म्हणाले.

ते मी म्हणाले. परक्या बाईवर बोट ठेवून. माझी आई त्या वेळी नाशिक रोडला माझ्या फोनची वाट बघत बसली असेल.

पत्र आलं. विवाह खरा वाटत नाही, अर्ज नामंजूर. माझं खरं लग्न मी स्वतःच्या हातानं खोटं करून दाखवलं होतं. त्या बाईंना मी कसा दोष देऊ? मी आठ दिवस जेवले नाही. आई ताट घेऊन बसायची. “काय विचारलं गं तिथं?” तिनं एकदा विचारलं. मी सांगितलं नाही.

महिन्यानं नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, “परत अर्ज करू. पण या वेळी एक काम कर. गॅझेटमध्ये आडनाव बदलून घे, मीही कागदांवर बदलतोय.”

“का?”

“इथल्या मराठी मंडळात मी वेगळं आडनाव सांगितलंय. गणपतीत आरती मीच म्हणतो. तू आल्यावर काहीतरी बोलून बसशील. तुझे आबा-आई इकडे कधी आले तर त्यांनाही समजावून ठेव.”

त्यानं ते आडनाव उच्चारलं. सराईतपणे. मला पहिल्यांदा दिसलं की मी कुठं निघाले होते. कॅनडा लांब होता, पण ते कॉलेज रोडचंच ऑफिस होतं. जन्मभर तिथं बसायचं आणि हसायचं.

“मी आडनाव बदलणार नाही,” मी म्हणाले. “अर्ज करायचा तर समाजमंदिरातल्या फोटोंवर करा. मी खरं काय ते लिहून देते.”

“मग बस तिथंच.”

फोन ठेवला त्यानं. बूथवाल्यानं विचारलं, “ताई, झालं का?” झालं होतं. मी घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं, त्या फोटोवरचं बोटसुद्धा. आईनं डोक्यावरचा हात काढून घेतला. बऱ्याच वेळानं परत ठेवला.

नंतर तीन वर्षं काही नाही. मग कोर्टाची नोटीस आली. मी वाटच बघत होते घटस्फोटाची, पण नोटिशीत घटस्फोट नव्हता. त्यात लिहिलं होतं की विधिवत विवाह झालाच नाही. होम नाही, सप्तपदी नाही, समाजमंदिरात नुसती सभा झाली. लग्न लागलं असतं तर डिसेंबरमध्ये परत लावायचा प्रयत्न का केला? आणि तिथलेही विधी पूर्ण झाले नाहीत. सोबत पंचवटीचे फोटो जोडले होते.

परवा तडजोडीसाठी बोलावलं होतं. त्याचे वकील चांगले समजुतीनं बोलले. “लग्न झालं नव्हतं असं दोघांनी मान्य करा. दोन तारखांत सुटाल. तुमच्यावर घटस्फोटित शिक्का नाही, पुढं स्थळ बघायला बरं. काय फरक पडतो?”

माझ्या वकीलबाईंनीही बाहेर नेऊन सांगितलं, “लढायचं तर तुला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल की पंचवटीचे फोटो बनावट होते, वकिलातीत तू खोटं बोललीस. ते रेकॉर्डवर येईल. तिकडचं दार कायमचं बंद होईल. आणि तुझ्या वडिलांचीही उलटतपासणी होईल.”

आबा माझ्या मागंच उभे होते. म्हणाले, “होऊ द्या. मला पण सांगायचंय.”

मी आत गेले. ज्या माणसासाठी मी बापाला खोटं बोलायला लावलं, त्याच्याशी माझं काही नातंच नव्हतं, असं कागद म्हणत होता. रडू येत होतं, ते मी लपवलं नाही.

“घटस्फोट मागा,” मी त्याच्या वकिलांना म्हणाले. “आत्ता सही करते, एक पैसा मागत नाही. पण माझं लग्न झालं नव्हतं यावर मी सही करणार नाही. आज नाही, दहा वर्षांनी नाही. जितक्या तारखा लावाल तितक्या तारखांना येईन.”

पुढची तारीख सोमवारची आहे. पहिली साक्ष माझी आहे.