बादल्या कोणी बघायच्या

आमच्या ओट्याखाली दोन बादल्या आहेत, ओल्या कचऱ्याची हिरवी आणि सुक्याची निळी. बालवाडीतलं पोरही यात चुकणार नाही. पण माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना वर्गात साधा डस्टर जागचा हललेला खपला नाही, ते केळं खातात, साल ओट्यावर ठेवतात आणि निघून जातात. दुधाची पिशवी कापली की तिचा तो एवढासा कोपरा चहाच्या चोथ्यात. रविवारी मटणाची हाडं वर्तमानपत्रात गुंडाळून, जी बादली पायाशी येईल तिच्यात. आई गेल्यावर आण्णा कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून बँकेत जायच्या आधी मी हातमोजे घालून कचरा निवडत बसते. अगदी डोक्यात जातं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एका बाईंचं व्याख्यान झालं होतं. लोक कचरा वेगळा का करत नाहीत, त्याची मानसिक कारणं त्यांनी पडद्यावर दाखवली. आळस, किळस, ‘आपण एकट्यानं करून काय होणार’ आणि ‘पुढं सगळं एकत्रच करतात की’. मी एकेक कारण आण्णांना लावून पाहिलं. आळस म्हणावा तर पहाटे उठून आपले कपडे आपण धुणारा माणूस. काहीच बसेना. शेवटी एका रविवारी केळीची साल हातात घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

“आण्णा, एवढी एक साल हिरव्या बादलीत टाकायला काय होतंय तुम्हाला?”

“मी न्हाय टाकणार.”

“पण का?”

“माझ्या बापानं गावाचा उकिरडा उपसला, मेलेली जनावरं वढली. बुद्धाचा धम्म घेतला त्या दिवशी खराटा टाकला त्यानं. गावानं पाणी तोडलं तरी परत धरला न्हाय. आनि मी हितं खरकट्यात बोटं घालू व्हय?”

मी म्हटलं, हे आपलंच खरकटं आहे, गावाचं नाही.

“आज आपलं हाय,” ते म्हणाले आणि पेपर उघडला.

आजोबांचा खराटा मध्ये आला की वादच संपतो. आजोबांचा मला अभिमान आहे, पण त्या अभिमानानं हाडं निवडायचं माझं काम काही कमी होत नाही. मी तणतणत भांडी घासली.

पुढे कचऱ्याच्या गाडीवाल्यानं आमच्या बिल्डिंगचा मिसळलेला कचरा घ्यायचं बंद केलं. पार्किंगमध्ये वास सुटला आणि तिथंच मीटिंग बसली. आण्णा आले नाहीत. रोज सकाळी गाडी यायच्या आधी कोणीतरी खाली थांबून सगळ्यांच्या बादल्या तपासाव्यात, चुकलेलं वेगळं करावं, असं ठरलं. ‘कोणी?’ म्हटल्यावर सगळे मोबाइलमध्ये बघू लागले.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बोलल्या. त्यांचे सासरेही निवृत्त शिक्षक. ते आणि आण्णा संध्याकाळी एकाच बाकावर बसून राजकारणावर गप्पा मारतात.

“मॅडम, तुमचं आण्णा घरातच असत्यात की दिवसभर. त्यांनी बघितलं तर?”

“आणि तुमचे सासरे?”

“छे हो! त्यांना न्हाय जमायचं. लई किळस येतीया त्यांना.”

कोणी हसलं नाही, कोणी दचकलं नाही. माना हलल्या. सेक्रेटरी म्हणाले, “मिटलं की मग.” फार पूर्वीच ठरलेली गोष्ट आज फक्त आठवावी, इतकं ते सहज झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या वडिलांनाही किळस येते,” मी म्हटलं. “पाळ्या लावा. पहिला आठवडा तुमच्या सासऱ्यांचा.”

“अवो, चिडताय कशाला? आमी काय वंगाळ बोललो?”

वहिनी खरोखरच गोंधळल्या होत्या. मला तेच जास्त लागलं. सेक्रेटरींनी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला आणि खुर्च्या आवरायला घेतल्या.

मी वर आले. आण्णांचं जेवण झालं होतं, ताट ओट्यावर तसंच, भाजीच्या देठांसकट. मी ते हिरव्या बादलीत निपटलं.

“झाली मीटिंग?” त्यांनी बाहेरून विचारलं.

“झाली.”

ते दारात आले. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, “बादल्या बघायला मला सांगितलं न्हवं?”

त्यांना कोणी फोन केला नव्हता. पार्किंगमधलं बोलणं आमच्या चौथ्या मजल्यावर ऐकू येत नाही. मला रडू फुटलं, आणि राग तर इतका आला की तो कोणावर काढावा ते कळेना.

“मी ‘न्हाय’ म्हणून आले, आण्णा,” मी म्हटलं.