रेडिओवरची चढाई

साताऱ्यात मी कुस्तीत गडी आपटला की एवढी धूळ उडायची, महाबळेश्वरची माणसं धुकं आलं म्हणून स्वेटर घालायची. उंच उडीला एकदा वर गेलो, तो खाली उतरेपर्यंत पंचांचा चहा पिऊन झाला. पण जीव म्हणाल तर कबड्डीत. लहानपणी चुलीपुढं आईभोवती ‘कबड्डी, कबड्डी’ करत फिरायचो. तव्यावरची भाकरी पलटेपर्यंत दम सुटायचा नाही. उलट माझ्याकडं बघता बघता तिचीच भाकरी करपायची.

मग सत्तरच्या दशकात, सांगलीतल्या एका चढाईत गुडघा मोडला. आवाज विट्यापर्यंत गेला म्हणतात. मैदान सुटलं. तोंड तेवढं शाबूत होतं, म्हणून तिथल्याच रेडिओवर सामन्यांचं धावतं वर्णन करायला लागलो.

पहिलाच मोठा सामना. माझा जुना जोडीदार चढाईला निघाला. त्यानं मधली रेषा ओलांडली आणि माइकपुढं माझाच दम सुरू झाला, “कबड्डी, कबड्डी, कबड्डी...” तो परत येईपर्यंत तेवढंच. कोण बाद झालं, गुण कुणाला, काही नाही.

रेडिओवरचे साहेब लालेलाल झाले. “अहो, तुम्हाला खेळायला बसवलंय की सांगायला? पुन्हा असं झालं तर घरी बसायचं!”

गावात पारावरच्यांनी धरलं.

“गड्या, गुण कुणाला मिळाला रं?”

“रेडिओला!” दुसरा खिदळला.

आई मात्र खूश. “लय दम हाय अजून,” म्हणाली. मग हळूच, “गुडगा दुखला न्हाई न्हवं?”

पुढच्या सामन्याला मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. तोच जोडीदार, तीच चढाई. पाय कुठं पडला, हात कुणाला लागला, साखळी कुठं तुटली, सगळं सांगितलं. असं सांगितलं की ऐकणाऱ्यांना रेडिओ बंद करून अंगाची माती धुवावी लागली. साहेबांनी पाठ थोपटली. नोकरी पक्की.

घरी आलो तर आई भाकरी थापत होती.

“आयकलंस?”

“व्हय. झ्याक बोललास.” परातीतून भाकरी उचलत तिनं विचारलं, “आज तुला खेळाय घेतलं न्हाई व्हय रं?”

 तिनं तव्यावर भाकरी टाकली तसा मी तोंडातल्या तोंडात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणायला लागलो. खोटं नाही सांगत, भाकरी पलटायच्या आतच दम सुटला.